फाशीचा खटला आणि वकिलाचे स्थान

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



हैदराबादच्या मराठी सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहावयाचा झाला, तर त्यातील बरीच पाने वकिलांना द्यावी लागतील. शाळा, ग्रंथालये, वृत्तपत्रे, परिषदा यांपैकी ज्या संस्थेकडे पाहावे तेथे एखादा वकील उभा दिसतो. मराठवाड्यातून आलेले, आधी गुलबर्ग्यास आणि नंतर हैदराबादेस वकिली करणारे आणि पुढे येथील उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचलेले केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. त्यांचे चिरंजीव विनायकराव विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे हैदराबाद राज्याचे मंत्री झाले. काशीनाथराव वैद्य हेही वकीलच. १९५२ साली निवडून आलेल्या हैदराबाद विधानसभेचे ते पहिले सभापती होते.

वकिलांना हे स्थान लाभण्यामागे विद्वत्तेइतकेच दुसरे एक कारण होते. निजामाच्या राज्यात तेलुगु, मराठी आणि कानडी बोलणारी प्रजा बहुसंख्य होती. दरबाराची आणि न्यायालयाची भाषा मात्र उर्दू होती. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीचा किंवा जिवाचा निकाल लागावयाचा, त्याला निकालपत्र वाचता येत नसे आणि न्यायाधीश काय विचारीत आहेत हेही पुष्कळदा कळत नसे. अशा माणसाच्या दृष्टीने वकील हा केवळ कायद्याचा जाणकार नव्हता. राज्यसत्तेसमोर त्याची वाणीच वकिलाकडे होती. वकील नसला म्हणजे तो माणूस न्यायालयात उपस्थित असूनही मुका राही.

आजच्या विषयाचे मर्म या एका गोष्टीत आहे. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात ज्येष्ठ फौजदारी वकील नेमके काय करतो, आणि तो नसला किंवा नावापुरता असला तर काय होते, हा प्रश्न हैदराबादशी फार जवळून निगडित आहे. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न अगदी आरंभीच्या काळात उभा राहिला तो हैदराबाद राज्यातील फाशीच्या खटल्यांतून. त्या वेळी तो युक्तिवाद हरला. पण हरलेला युक्तिवाद मरत नाही. पुढील सत्तर वर्षांत तो हळूहळू या देशाचा कायदा कसा झाला, ते पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम ‘बॅरिस्टर’ या शब्दाविषयी. लंडनमधील चार ‘इन’पैकी एकात शिक्षण घेऊन तेथील सनद मिळविणारा तो बॅरिस्टर. इंग्रजी अमदानीत मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील उच्च न्यायालयांत या मंडळींचा मोठा दरारा असे, आणि संस्थानिकांच्या दरबारी भानगडी न्यायालयात आल्या की त्यांना दूरदूरहून पाचारण केले जाई. १८९२–९३ साली हैदराबादच्या रेसिडेन्सी हद्दीत एक प्रसिद्ध अब्रुनुकसानीचा खटला चालला. निजाम सरकारातील एका बड्या अधिकाऱ्याच्या व त्याच्या इंग्रज पत्नीच्या बदनामीचे ते पत्रक-प्रकरण. त्यात मुंबईचे इन्व्हेरॅरिटी आणि मद्रासचे अर्डली नॉर्टन असे दोन नामांकित बॅरिस्टर परस्परांविरुद्ध उभे राहिले आणि साक्षीपुरावे महिनोन्महिने चालले. हेच नॉर्टन पुढे अलीपूर बाँब खटल्यात अरविंद घोष यांच्याविरुद्ध सरकारतर्फे उभे होते. सांगावयाचे ते एवढेच, की ज्यांच्याकडे द्रव्य होते त्यांच्या अब्रूसाठीही हैदराबादेत हिंदुस्थानातील उत्तमोत्तम बॅरिस्टर येत असत.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलांचा एकच वर्ग ठरविला. बॅरिस्टर, वकील, प्लीडर हे भेद संपले. अनुभव आणि योग्यता पाहून न्यायालय ज्यांना मान देते ते ‘ज्येष्ठ अधिवक्ता’, बाकीचे अधिवक्ता. बॅरिस्टर ही पदवी मागे पडली, तरी गंभीर खटल्यात ज्येष्ठाने जे काम करावयाचे असते त्यात फरक पडलेला नाही.

ते काम कोणते? सामान्य समजूत अशी, की फौजदारी वकील म्हणजे न्यायालयात आवेशाने भाषण करणारा गृहस्थ. नाटक-चित्रपटांनी ही समजूत दृढ केली आहे. वस्तुतः खुनाच्या खटल्यातील ज्येष्ठ वकिलाचे बहुतेक काम न्यायालयाबाहेर, कागदांपुढे बसून होते. पहिली खबर कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत दिली? ती दंडाधिकाऱ्याकडे केव्हा पोचली? मरणोत्तर पंचनाम्यात ज्या जखमा आहेत त्याच शवविच्छेदनाच्या अहवालात आहेत काय? घटनास्थळाच्या पंचनाम्यात दिव्याचा उल्लेख आहे की नाही? साक्षीदाराने आरोपीला अंधारात ओळखले असेल तर तो किती अंतरावर उभा होता? आरोपीने दाखवून दिले म्हणून जप्त केलेले हत्यार आधीच पोलिसांना ठाऊक होते काय? मुद्देमाल सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जाईपर्यंत कोणाच्या ताब्यात होता? या प्रत्येक प्रश्नामागे एका माणसाचा जीव टांगलेला असतो. उत्तरे मात्र साध्या तारखांत, वेळांत आणि सह्यांत दडलेली असतात.

उलटतपासणी ही या तयारीची परिणती होय. साक्षीदाराने तपासात पोलिसांना सांगितलेले आणि न्यायालयात शपथेवर सांगितलेले यांत महत्त्वाचे अंतर असेल, तर ते त्याच्या तोंडून कबूल करून घ्यावे लागते. त्याच वेळी न केले तर पुढे अपिलात त्याचा उपयोग करता येत नाही. एखादा प्रश्न न विचारणे हेही कौशल्यच आहे. एका अनाठायी प्रश्नाने सरकार पक्षाच्या पुराव्यातील उणीव भरून निघते आणि आरोपी फासापर्यंत पोचतो. कोणत्या साक्षीदाराला विचारावे, कोणाला सोडावे, वैद्यकीय साक्षीत कोठे थांबावे, हा विवेक पुस्तकांतून येत नाही. तो वर्षानुवर्षांच्या अनुभवातून येतो. म्हणूनच गंभीर खटल्यात ‘ज्येष्ठ’ या शब्दाला अर्थ आहे.

या सर्वासाठी दोन गोष्टी अपरिहार्य आहेत. पहिली म्हणजे वेळ. दुसरी, आरोपीशी निवांतपणे व त्याच्या भाषेत बोलण्याची संधी. ज्याला कागद आज मिळाले आणि आजच साक्षीदाराला प्रश्न विचारावयाचे आहेत, तो कितीही बुद्धिमान असो, त्याचे उभे राहणे केवळ उपचार ठरतो.

एवढे ध्यानात घेऊन १९४९ या वर्षाकडे वळू. त्या वर्षी देशात दोन ठिकाणी फाशीचे खटले गाजत होते. एक दिल्लीच्या लाल किल्ल्यात सुरू झालेला गांधी हत्येचा खटला. दुसरे तेलंगणातील नलगोंड्याचे खटले.

गांधीजींच्या हत्येने सारा देश सुन्न झालेला होता आणि आरोपींविषयी लोकांत पराकाष्ठेचा संताप होता. तथापि विशेष न्यायालयात प्रत्येक आरोपीतर्फे वकील उभा होता. सावरकरांच्या बचावासाठी पुण्याचे ल. ब. भोपटकर आले होते आणि डॉ. परचुरे यांच्यातर्फे ग्वाल्हेरचे पु. ल. इनामदार काम पाहत होते. आरोपींमध्ये शंकर किस्तय्या नावाचा एक गरीब घरगडी होता. त्याला वकील करण्याचे सामर्थ्य नव्हते. त्याला सरकारी खर्चाने वकील देण्यात आला. न्यायालयात हिंदुस्थानी आणि मराठी यांबरोबर तेलुगुचाही दुभाष्या नेमला होता. १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. पण सिमल्यास बसणाऱ्या पूर्व पंजाबच्या उच्च न्यायालयाने जून १९४९ मध्ये त्याची आणि डॉ. परचुरे यांची निर्दोष मुक्तता केली. देशातील सर्वांत घृणास्पद मानलेल्या गुन्ह्याच्या खटल्यातही वकिलाच्या कामाने दोषी आणि निर्दोष यांत भेद करता आला, ही गोष्ट विसरता कामा नये.

त्यानंतर दोनच महिन्यांनी नलगोंड्यास दुसरे चित्र दिसले. तेलंगणातील जमीनदारी आणि वेठबिगारी यांविरुद्ध १९४६ पासून कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखाली सशस्त्र लढा पेटलेला होता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर निजामाचे राज्य संपले आणि मेजर जनरल ज. ना. चौधरी यांच्या हाती लष्करी प्रशासन आले. परंतु लढा ऑक्टोबर १९५१ पर्यंत चालूच राहिला. लष्करी प्रशासनाने गंभीर गुन्ह्यांसाठी विशेष न्यायाधिकरणे स्थापन केली. ऑगस्ट १९४९ मध्ये नलगोंड्याच्या न्यायाधिकरणाने खुनाच्या आरोपावरून अनेक शेतकरी-कार्यकर्त्यांना फाशी सुनावली. त्याच वर्षी डिसेंबरात हैदराबादच्या उच्च न्यायालयाने त्यांची अपिले फेटाळली. फाशीच्या छायेत आलेले हे बारा जण पुढे ‘तेलंगणाचे बारा’ म्हणून देशात आणि देशाबाहेरही ओळखले गेले.

त्या कृत्यांविषयी मतभेद असू शकतात, तेव्हाही होते. हिंसेचे समर्थन करावयाचे हे स्थळ नव्हे आणि ज्यांची हत्या झाली त्यांच्या घरच्यांचे दुःखही तितकेच खरे होते. परंतु फौजदारी न्यायाचा प्रश्न वेगळा असतो. तो असा, की ज्याच्यावर आरोप आहे त्याने ते कृत्य केले हे योग्य रीतीने सिद्ध झाले आहे काय? आणि नलगोंड्याच्या खटल्यांविषयीचा मुख्य आक्षेप हाच होता, की जिवावर बेतलेल्या या सुनावणीत आरोपींच्या बाजूने वकील उभा नव्हता.

येथे लंडनचे एक बॅरिस्टर या कथेत येतात. डेनिस नोएल प्रिट (१८८७–१९७२) हे इंग्लंडातील ख्यातनाम किंग्ज कौन्सेल आणि १९३५ पासून १९५० पर्यंत ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य. वसाहतींतील राजकीय आरोपींचे खटले लढविणे हे त्यांनी जणू व्रतच घेतलेले होते. १९३१ साली भगतसिंग यांच्यासाठी प्रिव्ही कौन्सिलपुढे परवानगीचा अर्ज मांडणारे वकील तेच. पुढे १९५२–५३ मध्ये केनियात जोमो केन्याटा यांच्या बचावासाठी गेले तेही तेच. तेलंगणातील कैद्यांसाठी ते दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. त्यांच्या साहाय्यास दानियल लतिफी हे तरुण वकील होते. मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांच्या पोटगीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली जो महत्त्वाचा निर्णय दिला, तो याच लतिफींच्या नावाने ओळखला जातो.

कायद्याची अडचण प्रथमपासूनच विलक्षण होती. उच्च न्यायालयाचा निर्णय डिसेंबर १९४९ चा. राज्यघटना अमलात आली ती २६ जानेवारी १९५० रोजी. अवघ्या सहा आठवड्यांचे अंतर. डिसेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की निर्णयाच्या दिवशी हैदराबादचे न्यायालय घटनेच्या अर्थाने ‘भारताच्या राज्यक्षेत्रातील’ न्यायालय नव्हते. सबब या अपिलांना वाव नाही. निजामाच्या काळची न्यायव्यवस्था मावळली होती, नवी घटना उगवली होती, आणि या दोहोंच्या सांध्यात हे कैदी अडकले होते.

मग घटनेच्या बत्तिसाव्या अनुच्छेदाखाली बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज आले. त्यांत वकिलाच्या अभावाचा मुद्दा अग्रभागी होता. आधारासाठी अमेरिकेतील एक प्रसिद्ध निवाडा पुढे करण्यात आला. १९३१ साली अलाबामा राज्यातील स्कॉट्सबरो या गावी नऊ कृष्णवर्णी मुलांवर बलात्काराचा आरोप ठेवण्यात आला. अटकेनंतर बाराव्या दिवशी खटला सुरू झाला. न्यायाधीशांनी गावातील साऱ्या वकीलवर्गाला मोघमपणे त्यांचे काम सोपविले, म्हणजे वस्तुतः कोणालाच सोपविले नाही. आठ जणांना मृत्युदंड झाला. ‘पॉवेल विरुद्ध अलाबामा’ या १९३२ च्या निर्णयात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की मृत्युदंडाच्या खटल्यात असमर्थ आरोपीला वकील देणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, आणि ते अशा वेळी व अशा रीतीने द्यावे की त्याचा खरोखर उपयोग होईल.

१६ मार्च १९५१ रोजी ‘जनार्दन रेड्डी विरुद्ध हैदराबाद राज्य’ या प्रकरणी निकाल लागला. न्यायमूर्ती सर सय्यद फजल अली यांनी निकालपत्र लिहिले. न्यायाधिकरणाने आरोपींना वकील देण्यासाठी स्वतः होऊन काही पावले टाकावयास हवी होती, असे न्यायालयाने स्पष्टपणे नमूद केले. तथापि मृत्युदंडाच्या प्रत्येक खटल्यात वकील नसला की सारी सुनावणीच रद्दबातल ठरते, असा सरसकट नियम येथील कायद्यात नाही. हा दोष अपिलात तपासण्याजोगा आहे, परंतु न्यायाधिकरणाला अधिकार होता तोवर बंदीप्रत्यक्षीकरणाचा आदेश देता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. अर्ज फेटाळले गेले. पुढे या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आल्या आणि जीव वाचले. पण ते दयेने वाचले, कायद्याने नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. दया एका माणसाला वाचवते. कायद्याचा आधार त्याच्यामागून येणाऱ्या साऱ्यांना मिळतो.

प्रिट हरले, असे त्या दिवशी म्हणता आले असते. घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने आरोपीला स्वतःच्या पसंतीचा वकील करण्याचा हक्क दिला होता. पण वकील करण्याचा हक्क आणि वकील मिळण्याचा हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याला पहिल्या हक्काचा उपयोग काय? हा प्रश्न पाव शतक तसाच राहिला.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०४ व्या कलमाने सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद केली. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद आला आणि मोफत कायदेशीर साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७८ साली महाराष्ट्रातून गेलेल्या ‘होसकोट’ प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, तर १९७९ साली बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या ‘हुसैनारा खातून’ प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी, मोफत वकील हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे सांगितले. १९५१ साली जी गोष्ट ‘व्हावयास हवी होती’ एवढ्यावर थांबली होती, तिला आता हक्काचे रूप आले.

येथे पिता-पुत्रांचा एक योगायोग सांगण्याजोगा आहे. हैदराबाद प्रकरणाचा निकाल लिहिणारे सर सय्यद फजल अली यांचे पुत्र सय्यद मुर्तझा फजल अली हेही पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९८४ साली महाराष्ट्रातील एक खून खटला त्यांच्या पीठापुढे आला. सत्र न्यायालयाने फाशी दिली होती, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली होती; पुरावा मात्र परिस्थितीजन्य होता. आरोपीतर्फे राम जेठमलानी उभे होते. न्यायमूर्तींनी परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. ती आरोपीच्या दोषाशीच सुसंगत असावी. ती निर्णायक स्वरूपाची असावी. दुसरी प्रत्येक शक्यता तिने वगळलेली असावी. आणि पुराव्याची साखळी कोठेही तुटलेली नसावी. आरोपी निर्दोष सुटला. ही पाच सूत्रे आज देशातील प्रत्येक सत्र न्यायालयात उद्धृत होतात. अनुभवी वकिलाने पुराव्याची कडी न् कडी तपासून दाखवली की त्यातून एका आरोपीची सुटका होते, आणि त्याचबरोबर पुढच्या असंख्य आरोपींसाठी मोजमापही तयार होते.

गंभीर खटल्यातील वकिलाची दुसरी कसोटी लोकक्षोभाची असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचे वकीलपत्र घेण्यास फारसे कोणी धजत नव्हते. ज्यांनी घेतले त्यांच्यावर रोष ओढवला. तरीही न्यायालयाने वकील दिले, आणि सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून त्याची बाजू मांडली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशी कायम झाली. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही ठरविले, की आरोपी प्रथम दंडाधिकाऱ्यापुढे उभा केला जातो त्या क्षणीच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे आणि वकील पुरविणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. आरोपीचे वकीलपत्र घेणारा त्याच्या कृत्याचा भागीदार नसतो. तो न्यायालयाच्या निर्णयाला विश्वासार्हता मिळवून देतो. ज्या खटल्यात बचाव झालाच नाही, त्यातील शिक्षा कितीही योग्य असली तरी तिच्यावर संशयाची सावली राहते.

तरीही एक दुखणे उरलेच होते. कायद्याने वकील मिळे, पण कोणता? कित्येक ठिकाणी आरोपपत्र वाचण्याच्या दिवशीच एखाद्या नवशिक्याची नेमणूक होई आणि दुसऱ्या दिवसापासून साक्षी सुरू होत. मध्य प्रदेशातील खांडवा येथे २०१३ साली एका लहान मुलीवरील अत्याचार आणि खून या प्रकरणात असेच घडले. विधिसाहाय्यातून आलेल्या वकिलाची नेमणूक झाली त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, आणि साधारण पंधरवड्यात खटला संपून आरोपीला मृत्युदंड मिळाला. जलद न्याय म्हणून अशा खटल्यांचे कौतुक होते.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती उदय उमेश लळित यांच्या पीठापुढे आले. लळित हे मराठी वकिली परंपरेतले. त्यांचे वडील मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. स्वतः लळित २०१४ मध्ये वकीलवर्गातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले ते देशातील अग्रगण्य ज्येष्ठ फौजदारी वकील म्हणूनच, आणि २०२२ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. १८ डिसेंबर २०१९ रोजी त्यांच्या पीठाने शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला आणि काही नियम घालून दिले. ज्या खटल्यात जन्मठेप किंवा मृत्युदंड होऊ शकतो, त्यात किमान 10 वर्षे वकिली केलेल्या अधिवक्त्याचाच न्यायमित्र किंवा विधिसाहाय्याचा वकील म्हणून विचार व्हावा. उच्च न्यायालयात मृत्युदंड कायम करण्याचे प्रकरण असेल, तर प्रथम ज्येष्ठ अधिवक्त्यांचा विचार व्हावा. तयारीसाठी पुरेसा, सामान्यतः किमान 7 दिवसांचा अवधी द्यावा. वकिलाला आरोपीशी भेटून बोलता यावे.

त्या आरोपीचे पुढे काय झाले? फेरसुनावणीत पुन्हा मृत्युदंड झाला; उच्च न्यायालयाने डीएनए तज्ज्ञाची साक्ष नीट व्हावी म्हणून प्रकरण परत पाठविले; आणि 11 वर्षांच्या कारावासानंतर मार्च २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. डीएनए पुराव्यातील उणीव कागदांतच होती. ती पाहावयास वेळ असलेला आणि पाहता येणारा डोळा पहिल्या खटल्यात नव्हता, एवढेच. आणि त्या अभागी मुलीच्या आईवडिलांनाही त्या घाईने न्याय मिळाला नाही, हे ध्यानी घ्यावयास हवे. चुकीच्या माणसाला झालेली शिक्षा ही खऱ्या गुन्हेगाराची सुटका असते.

स्कॉट्सबरोची घाई, नलगोंड्याचे मौन आणि खांडव्याचा पंधरवडा ही एकाच दुखण्याची तीन रूपे आहेत. आणि २०१९ चे नियम वाचताना १९५१ सालच्या त्या युक्तिवादाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. वकील द्या, तो वेळेवर द्या, उपयोग होईल असा द्या, हेच तर तेव्हा मागितले होते. हैदराबादच्या कैद्यांसाठी जे नाकारले गेले, ते अडुसष्ट वर्षांनी साऱ्या देशाच्या न्यायालयांना बंधनकारक झाले.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ३०४ व्या कलमातील तरतूद तिच्या ३४१ व्या कलमात आली आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची यंत्रणा उभारण्यास आरंभ केला असून तिच्या प्रमुखाला फौजदारी कामाचा किमान 10 वर्षांचा अनुभव असावा लागतो. व्यवस्था कागदावर चांगली आहे. ती कोर्टात कशी चालते, हे अखेरीस त्या पदावर बसणाऱ्या माणसांवर, त्यांच्या मेहनतान्यावर आणि त्यांच्याकडे दिल्या जाणाऱ्या खटल्यांच्या संख्येवर अवलंबून आहे. सरकार पक्षामागे पोलीस, प्रयोगशाळा आणि खजिना उभा असतो. निर्धन आरोपीमागे हा एकटा वकील.

मुसी नदीच्या काठी १९२० साली उघडलेल्या भव्य इमारतीने निजामाचे, हैदराबाद राज्याचे, आंध्र प्रदेशाचे आणि २०१९ पासून तेलंगणाचे उच्च न्यायालय पाहिले. राज्ये बदलली, न्यायालयाची भाषा उर्दूची इंग्रजी झाली. खेड्यातून आलेल्या आरोपीला मात्र ती भाषा आजही परकीच आहे. तेलुगु, मराठी, कानडी, उर्दू अशा आपापल्या भाषेत तो आजही वकिलाच्या तोंडाकडेच पाहत असतो. या शहरातील जुन्या मराठी वकिलांना ही दृष्टी ओळखीची होती, म्हणूनच त्यांनी न्यायालयातील काम संपल्यावर शाळा आणि ग्रंथालये काढली. आपल्या हक्काचा कागद आपल्याला वाचता यावा, ही त्यामागची भावना होती. शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयात फौजदारी वकिलाच्या कामाची चर्चा व्हावी, हे त्यामुळे मुळीच अस्थानी नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचा फौजदारी न्यायालयाशी संबंध येतो तो वर्तमानपत्रातील बातमीपुरता. पुढच्या वेळी एखाद्या भयंकर गुन्ह्याचा निकाल अवघ्या काही दिवसांत लागल्याची बातमी वाचनात येईल, तेव्हा टाळी वाजविण्यापूर्वी एवढे एकच विचारावे : त्याच्या वकिलाला कागद वाचावयास किती दिवस मिळाले होते?